दोन दारांमधली वायर

मी बोलतेय. कोण, असं विचाराल, तर डोंबिवलीत रमाबाई तांब्यांच्या घरी टेलिफोनच्या वर खिळ्याला वेटोळं करून टांगलेली मळकट पांढरी वायर आहे ना, ती मी. आजवर माझ्यातून दुसरेच बोलत आले. स्वतःचं सांगायची सवय नाही, त्यामुळे कुठे अडखळले तर सांभाळून घ्या. लांबीला मी वीसेक हात असेन. एवढ्याशा वायरीचं ते काय आयुष्य, असं मलाही अधूनमधून वाटतंच.

माझा जन्म माजिवड्याच्या एका गाळ्यातला. तांब्याच्या केसांएवढ्या तारा, त्यांवर प्लास्टिकचं कातडं आणि दोन्ही टोकांना नखाएवढे क्लिप. ते क्लिप बसवणारी जाईबाई नावाची एक बाई होती. टोक दाबून झालं की ती ते किंचित ओढून बघायची, सुटत नाही ना म्हणून. मग मी ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात आले आणि हुकाला लटकले. गिऱ्हाइकं यायची, मला हातावर मोजायची, "एवढी लांब घेऊन काय करायचं" म्हणायची आणि परत टांगायची. आपल्यात काहीतरी जास्तच आहे, हे मनाला लागून राहिलं ते तेव्हापासून.

शेवटी मला घेतलं कोपरीच्या सीतारामभाऊंनी. त्यांचं भाषांतराचं छोटं ऑफिस होतं. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा एक कागद घडी करून घातलेला असतो, तो इंग्रजीतून मराठीत करून द्यायचा, हा त्यांचा धंदा. टेलिफोनची जोडणी पुढच्या खोलीत आणि टेबल मागच्या, म्हणून त्यांना माझी लांबी चालली.

पहिले काही दिवस माझ्या टोकाला नुसता फोन होता. काय ते दिवस होते. "हॅलो शेवंतीमावशी, ऐकू येतंय का" इथपासून "भाऊ, आज तरी होईल ना काम" इथपर्यंत सगळं माझ्या अंगातून जायचं. माणसाचा आवाज मला कळतो. तो मनापासूनचा आहे की वरवरचा, तेही कळतं. मग भाऊंनी मॉडेम नावाचं एक डबडं आणलं आणि मला त्याला जोडून टाकलं. ते आधी किंचाळायचं, मग घसा बसल्यासारखं खरखरायचं, आणि मग माझ्यातून काहीतरी भराभर वाहायला लागायचं. पत्रं असतात म्हणे ती. कोणाची, कशाबद्दल, मला एक अक्षर कळायचं नाही. पाठीवर टपालाची थैली आणि आपण निरक्षर, तशी माझी गत झाली. तेव्हापासून मी एकटी आहे. आजूबाजूला माणसं असून एकटी.

त्या काळात इंटरनेट विकणारं दुकान एकच, सरकारचं. भाऊंनी वर्षाचे तास आगाऊ विकत घेतले होते. मॉडेम किंचाळलं की ते मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवायचे आणि "आटपा रे, तास चाललाय" म्हणत येरझाऱ्या घालायचे. नळ उघडा राहिल्यावर बायका जशा धावतात, तसे ते डबड्याकडे धावायचे.

त्या ऑफिसात सगळ्यात चटचट काम उरकायची ती सुहासिनी. पाठवून झालं की लाइन तोडायची आणि मग एकटीच पुटपुटत बसायची. "मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे की अशा जागी ठेवावे? अशा जागी बरं होतं. गेलं आता." काम तिचं बरोबरच असायचं. पण बरोबर आहे हे तिला कोणी सांगितलं तरी पटायचं नाही. तिचा आणि माझा स्वभाव जुळला असावा. मी बांधलेली होते म्हणून गप्प, आणि ती नव्हती तरी गप्प.

सुहासिनी राहायची डोंबिवलीला. दिवस गेले तरी सातव्या महिन्यापर्यंत ती येत राहिली, मग यायची थांबली. पुन्हा आली ती सहा-सात महिन्यांच्या मालविकेला कडेवर घेऊनच. घरात तिला मालू म्हणायचे.

"सुहास, जागा किती दिवस रिकामी ठेवू?" भाऊ म्हणाले. "परवाच एकजण विचारून गेली."

"भाऊ, हिला ठेवायला कोणी नाही. सासूबाई गावाला. घरून केलं तर?"

"घरी फोन आहे?"

"अर्ज केलाय. लग्न झाल्या झाल्याच केला."

"म्हणजे हिच्या लग्नापर्यंत येईल." भाऊंनी मालूच्या गालाला हात लावला.

"समोरच्या तांबेकाकूंकडे आहे. आमचा पीपी नंबर तोच."

पीपी म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आपला. लग्नपत्रिकेवर, शाळेच्या दाखल्याच्या अर्जावर, दुकानाच्या पाटीवरसुद्धा लोक शेजाऱ्याचा नंबर बिनदिक्कत छापायचे आणि पुढे पीपी लिहायचे. शेजाऱ्याला त्यात काही वाटायचं नाही. वाटलं तर थोडा मान वाटायचा.

भाऊ विचारात पडले. इंटरनेटला जोडायचा नंबर मुंबईचा. ठाण्यातून तो फिरवला तर लोकल. डोंबिवलीतून तोच नंबर फिरवला तर एसटीडी. मध्ये चार स्टेशनं, पण टेलिफोनच्या लेखी परमुलूख. पण सरकारने नुकतेच खाजगी कंपन्यांना इंटरनेट विकायचे परवाने दिले होते आणि त्यातल्या एका कंपनीने आपला नंबर कल्याणातच ठेवला होता. डोंबिवलीहून कल्याण म्हणजे घरच्या घरी. तासाचा दरही सरकारी दुकानापेक्षा कमी.

"बघू तीन महिने," भाऊ म्हणाले. "पण रोज दुपारी तासभर लाइन पाहिजे. रोज म्हणजे रोज. जमलं नाही तर मग मला दोष देऊ नकोस."

त्यांनी तिला जुना कॉम्प्युटर दिला, ते किंचाळणारं डबडं दिलं आणि मला गुंडाळून तिच्या पिशवीत टाकलं. मालूच्या लंगोटांवर बसून मी डोंबिवलीला आले.

आता रमाबाई तांब्यांच्या फोनबद्दल सांगायला हवं. त्यांच्या मिस्टरांनी, गुणाजींनी, त्याचा अर्ज केला तेव्हा त्यांचा रतन शाळेत जात होता. रतन शिकला, नोकरीला लागला, बडोद्याला गेला. गुणाजी वारले. आणि मग फोन आला. बिल अजून गुणाजींच्याच नावाने यायचं. नाव बदलायचं तर पुन्हा अर्ज, आणि रमाबाई म्हणायच्या, "राहू दे. सरकारच्या लेखी तरी आहेत ना ते."

भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली गुणाजींचा फोटो, त्याखाली स्टुलावर फोन आणि फोनवर विणलेला रुमाल. मजल्यावरच्या सगळ्यांचा पीपी तोच. फोन वाजला की रमाबाई गॅस बारीक करून निघायच्या. "पंढरी, तुझ्या मेव्हण्याचा आहे रे." "आवडाबाई, दवाखान्यातून फोन." दिवसभर माणसांची ये-जा असायची, पण ती फोनसाठी. बोलणं झालं की "येते हं रमाबाई" आणि पायात चपला. रतनचा फोन रविवारी सकाळी. "जय भीम आई. बरी आहेस ना? ठेवतो मग." त्या रिसीव्हर खाली ठेवायच्या आणि रुमाल सारखा करत बसायच्या, आधीच सारखा असला तरी.

सुहासिनी मालूला घेऊन त्यांच्या दारात आली आणि तिथेच घुटमळली. घरी तालीम केली असणार, कारण पहिलं वाक्य अगदी छापील आलं.

"काकू, आपल्याला एक विनंती करायची होती. म्हणजे, नाही म्हणालात तरी चालेल."

"मग नाही," रमाबाई म्हणाल्या. तिचा चेहरा पडलेला बघून त्यांना हसू आलं. "अगं बोल की. आपल्याला काय, विनंती काय."

तिने सांगितलं. दुपारचा एक तास. ही वायर तुमच्या फोनपासून आमच्या टेबलापर्यंत. तेवढा वेळ तुमचा फोन एंगेज लागेल. बिल वाढेल तेवढं आम्ही भरू. रमाबाईंनी मला हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"बिलाचं बिल आल्यावर बघू. मला दुसरं पाहिजे."

"काय?"

"ही." त्यांनी मालूकडे हनुवटी केली. "तेवढा तास हिला माझ्याकडे ठेवायची. तू तिकडे मशीन बघणार की हिला?"

सुहासिनीने मालूला नकळत आवळून धरलं. मग त्याचीच तिला लाज वाटली असावी. "त्रास देते हो ती," ती म्हणाली.

"देऊ दे. कोणीतरी द्यावा."

असं ठरलं. रोज दुपारी सुहासिनी यायची, मालूला रमाबाईंच्या मांडीवर द्यायची, माझं मोकळं टोक हातात घ्यायची आणि मला उलगडत उलगडत पॅसेज ओलांडून आपल्या घरी जायची. पोर इकडे, वायर तिकडे. तास संपला की उलटं. दोन्ही दारं तेवढा वेळ सताड उघडी, मी उंबऱ्यांवरून आडवी. येणारेजाणारे मला ओलांडायचे. "आला का तुमचा इंटरनेट गावाहून?" असं पंढरी रोज विचारायचा आणि रोज स्वतःच हसायचा.

माझ्या त्या टोकाला औषधांचे कागद, या टोकाला अडगुलं मडगुलं. मधल्या अंगाला काहीच नाही. पण एका तासापुरती का होईना, मी दोन घरांत एकाच वेळी होते. वायरीला याहून मोठं सुख नसावं.

सुहासिनी मात्र सुखात नव्हती. पडद्यावर फाइल मुंगीच्या पावलाने उतरायची, आणि पॅसेजमधून मालूचं हसणं आलं की हिची मान वळायची. "काय एवढं हसतेय," असं स्वतःशीच. रडणं आलं तरी वळायची, पण हसण्याला जास्त. माझ्याशेजारी बसून ती रोज कधी ना कधी तेच वाक्य लिहायची, औषध मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे. एकदा ते लिहून झाल्यावर म्हणाली, "आणि मुलं? त्यांना कुठं ठेवावं, ते नाही लिहीत कोणी."

तिचा नवरा तानाजी अंबरनाथच्या कारखान्यात होता. सुट्टीच्या दिवशी तो पॅसेजमध्ये उभा राहून रमाबाईंशी वाद घालायचा. दोघांनाही ते आवडायचं.

"बघा काकू, कंपन्या आल्या आणि तासाचा भाव आला की नाही खाली? सरकारने इतकी वर्षं काय दिलं? रांग."

"आणि तुझी कंपनी घरात आली कशातून? हवेतून?" रमाबाई मला पायाने हळूच बाजूला सारत म्हणायच्या. "फोनची तार टाकायला खड्डे कोणी खणले? माझ्या दारातला तर वर्षभर बुजवला नाही. पक्कं सांगते, सरकारचाच होता."

"खणायचा सरकारने आणि पडायचं आपण."

"पण खणला ना? तुझ्या कंपनीने एक तरी खणलाय का इथं?"

दोघांचंही खरं होतं. हे मी कोणाची बाजू घेऊन सांगत नाही. दर कंपनीने पाडला, रस्ता सरकारचा होता, आणि मधलं शेवटचं वीस हातांचं अंतर रमाबाईंनी दिलं. त्या तिसऱ्या भागाचं नाव कोणत्याच जाहिरातीत नव्हतं.

लाइन चालू असताना रमाबाईंकडचा रिसीव्हर कोणी उचलला तर तिकडचं सगळं तुटायचं. हे पहिल्यांदा मालूने शोधून काढलं. स्टुलाशी रांगत गेली, धरून उभी राहिली आणि रिसीव्हर ओढला. तिकडून सुहासिनी धावत आली. "कोणी उचलला? काकू, अर्धी उतरली होती हो फाइल." मालूने आईला बघून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी रमाबाईंनी स्टूल कोपऱ्यात सरकवलं, तर ही कोपऱ्यात गेली. एवढीशी मालू, पण तिने हिशोब अचूक मांडला होता. हे काळं उचललं की आई दारातून येते.

तीन महिने झाले, भाऊंनी काम पुढे चालू ठेवलं. मालू वर्षाची होत आली. सगळे म्हणत होते, आता चालेल, आता चालेल. सुहासिनी रात्रंदिवस तिच्या पायांकडे बघत असायची. "मी पुस्तकात वाचलंय, काही मुलं उशिरा चालतात," असं ती कोणी न विचारताच सांगायची. "माझंच काही चुकत असेल का? मी बसून काम करते, ती बसलेली बघते." तानाजी हसायचा. तिला खरंच तसं वाटत होतं.

मग ती दुपार आली. मी नेहमीसारखी आडवी पडले होते. आवडाबाई फोन करायला आल्या होत्या आणि लाइन मोकळी व्हायची वाट बघत मागे खाटेवर बसल्या होत्या. रमाबाई जमिनीवर बसून हात पसरून म्हणत होत्या, "ये, ये माझी बाय, ये." मालू कपाटाला धरून उभी होती. तिने कपाट सोडलं. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मालू त्यांच्या पसरलेल्या हातांपर्यंत आली आणि त्यांना न धरता, त्यांच्या खांद्याशेजारून, डुलत डुलत पुढे गेली. स्टुलापर्यंत. तिने रिसीव्हर उचलला आणि दाराकडे बघितलं.

माझ्यातलं वाहणं थांबलं. सुहासिनी आली. तिला दिसलं ते एवढंच, पोर स्टुलाला धरून उभी आहे, रोजच्यासारखी.

"काकू, प्लीज हो. उचलू देऊ नका ना तिला. भाऊ ओरडतात." आणि ती परत फिरली.

रमाबाईंचे हात अजून पसरलेलेच होते. ते त्यांनी सावकाश मांडीवर घेतले. आवडाबाई मागून म्हणाल्या, "चालली की गं पोर. तुझ्याकडं चालली." त्यांना खाटेवरून तेवढंच दिसलं होतं. रमाबाई उठल्या, डब्यातून गूळ काढला, आवडाबाईंच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस. तिच्या आईला आपलं आपण बघू दे. पहिल्यांदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरातून सुहासिनीची हाक आली. "काकू, लवकर या. चालतेय." रमाबाई गेल्या, मी त्यांच्या भिंतीवर होते तरी मला ऐकू आलं, "अगं बाई, खरंच की." फार चांगलं केलं त्यांनी ते. माझ्यासारखीला त्यातला खोटेपणा कळला, पण तो प्रेमाचा होता.

तेवढ्यात आवडाबाई पॅसेजमध्ये आल्या. गूळ पोटात गेला होता, पण गोष्ट काही पोटात राहिली नाही. "आज कसली, कालच चालली. रमाबाईंनी हात पसरले आणि गेली की झपाझप त्यांच्याकडं. मला गूळ पण मिळाला."

मालू पॅसेजमध्ये थपथप पावलं टाकत होती.

"मला एक हाक मारायची ना काकू," सुहासिनी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. "किती लांब होते मी?"

"तुझं काम चाललं होतं. वाटलं, तू बघशील तेच पहिलं."

"पहिलं तुमच्याकडे आलं. मला दुसरं मिळालं. आणि तेही पहिलं म्हणून."

इथे रमाबाईंनी सांगायला हवं होतं, की माझ्याकडे नाही आली गं ती. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. पसरलेल्या हातांच्या बाजूने ती पोर निघून गेली, हे बोलून दाखवायचं म्हणजे पुन्हा एकदा निघून जाऊ देणं. आवडाबाईंचं बोलणं त्यांनी तसंच राहू दिलं. मी सगळं पाहिलं होतं, पण माझ्यातून दुसरेच बोलतात. माझं मला काही सांगता येत नाही.

त्या दुपारी सुहासिनी आली, माझं टोक घेतलं आणि मालूला घेऊन परत गेली. मालूला मांडीवर घेऊन ती काम करू लागली. एका हाताने लिहायचं, एका हाताने तिचे हात धरायचे. तानाजी म्हणाला, "अगं ठेव की काकूंकडे, भांडण आहे का?" ती म्हणाली, "भांडण कशाला? तो तास त्यांनी माझ्याकडून मोबदल्यात घेतला होता. मला परवडत नाही आता, एवढंच."

तिने फोनच्या अर्जामागे तानाजीला पिटाळलं. पण तोवर रांग आपोआपच पुढे सरकली होती. सरकारने नवीन यंत्रं बसवली होती, आणि एके दिवशी खांद्यावर तारांचं भेंडोळं घेऊन लाइनमन मजल्यावर आला. एकाच फेरीत त्याने सुहासिनीकडे फोन बसवला, पंढरीकडे बसवला, आवडाबाईंकडेही. "आता मागेल त्याला," तो म्हणाला. पाठोपाठ कंपनीचा माणूस टाय लावून आला आणि दारोदार इंटरनेटच्या सीडीच्या चकत्या वाटून गेला. इंटरनेटचे तास आणखी स्वस्त झाले होते. सगळं कसं चांगलं झालं होतं.

सुहासिनी मला परत द्यायला आली. वेटोळं नीट, टोकं आत खोचलेली.

"काकू, भाऊंनी आणखी एक दिली मला. ही राहू दे तुमच्याकडे, लागली तर."

"राहू दे."

"बिलाचं..."

"आलं की सांगेन."

मालूने आईच्या खांद्यावरून रमाबाईंकडे झेप घेतली. सुहासिनीने तिला आवरलं. मग समोरचं दार लागलं आणि मग आमचंही.

त्यानंतरचे दिवस सांगायला फार काही नाही. फोन वाजायचा थांबला. पंढरीचा मेव्हणा पंढरीकडे करायचा, दवाखाना आवडाबाईंकडे. गॅस बारीक करायचं कारण उरलं नाही. रविवारी सकाळी रतन, आणि मग पुढचा रविवार. रमाबाई दुपारी उंबऱ्याजवळ बसायच्या. कुठल्या कुठल्या घरात त्या डबड्याचं किंचाळणं ऐकू यायचं. पूर्वी ते एका घरात व्हायचं आणि मजल्याला माहीत असायचं. आता सगळ्यांकडे व्हायचं आणि कोणाला कोणाचं माहीत नसायचं. माझ्यावर धूळ बसली. रुमालावर नाही, तो त्या धुवायच्या.

एका दुपारी फोन वाजला. रमाबाई तांदूळ निवडत होत्या. त्या उठल्या, रिसीव्हर कानाला लावला आणि सवयीने म्हणाल्या, "बोला, कोणाला बोलावू?"

माझी दोन्ही टोकं रिकामी. त्यामुळे पलीकडचं मला काही ऐकू येईना. रमाबाईंचं तेवढं कळत होतं.

"मला? मला कशाला? ... कोण, सुहास? अगं, मग दार वाजव की. समोरून समोर फोन करतेस."

मग त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"उचलते म्हणजे? तू काम करत असताना? ... रोज? ... पण तू तर तिथंच असतेस, त्याच खोलीत. तुला बघून ठेवत नाही?"

पुन्हा ऐकणं.

"दाराकडे?" असं म्हणून रमाबाई स्टुलाशेजारी खालीच बसल्या.

माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं. मालूने जो हिशोब मांडला होता तो असा, की हे काळं उचललं की जे माणूस खोलीत नाही ते दारातून येतं. तिकडच्या खोलीत आई होतीच. रोज रिसीव्हर उचलून ती पोर बंद दाराकडे बघत बसत होती.

"सुहास, ऐक," रमाबाई म्हणाल्या. "मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला जमायचं नाही. त्या दिवशी मी हात पसरून बसले होते, ते खरं. पण ती माझ्याकडे आली नाही. माझ्या शेजारून गेली, मला धरलंसुद्धा नाही. थेट फोनपाशी गेली आणि उचलला. तुला बोलवायला. ... हो. तूच आलीस ना मग, रागावत? ... ते पहिलं पाऊल तुझ्यासाठीच होतं गं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगवलं."

रमाबाईंनी पदराने नाक पुसलं.

"रडू नकोस. पल्स पडतायत तुझ्या, बिल वाढेल. ... आता? तांदूळ निवडतेय. ... बरं. बरं, येते."

त्या उठल्या ते तांदळाचं सूप तिथेच टाकून. रिसीव्हर ठेवायलाही विसरल्या. समोरचं दार त्यांनी वाजवायच्या आधीच उघडल्याचा आवाज आला, मग थपथप पावलं, आणि मग तिघींचं एकदम बोलणं, त्यातलं कोणाचं कोणतं ते मला कळलं नाही. या घरातून कोणी फोन ऐकून दुसऱ्याला बोलवायला नाही, तर स्वतःलाच बोलावलं म्हणून गेलं, असं मी पहिल्यांदा पाहत होते.

मी अजून खिळ्यावरच आहे. कोणी मला आता उलगडणार नाही, आणि उलगडू नये हेच बरं. फोन सगळ्यांना मिळाला, इंटरनेट स्वस्त झालं, ते तसंच व्हायला हवं होतं. माझी मागणी छोटी आहे. तुमच्या घरीही आता फोन आला असेल. लांबलांबचे नंबर लावून झाले असतील. एकदा समोरच्या दाराचा लावून बघा. पलीकडचं माणूस विचारेल, कोणाला बोलावू. तेव्हा त्याचंच नाव सांगा.